पास्खा मारतात, खातात आणि पाळतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. गुड फ्रायडेच्या उपासनेत एका पाहुण्या वक्त्यांनी सांगितलं, की नव्या करारात यहुद्यांच्या वल्हांडण सणासाठी (मिसरातल्या गुलामीतून सुटकेच्या आठवणीचा सण) जो ‘पास्खा’ हा ग्रीक शब्द आहे तो ‘पास्खो’ म्हणजे ‘मी दुःख सोसतो’ या क्रियापदावरून आला, म्हणजे ख्रिस्ताचं दुःखसहन सणाच्या नावातच दडलेलं होतं. ऐकताना गहिवरून आलं, पण घरी आल्यावर शंका आली. हे खरं असेल तर मराठीत ‘वल्हांडण’ कुठून आलं? आणि योहान 18:28 मध्ये लोक वल्हांडण ‘खातात’, ते कसं? सण कुणी खातं का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण सगळ्याची किल्ली तिथेच आहे. सण खातात. आपणही खातो. ‘अरे, तुझ्या बापाचं बारसं जेवलोय मी’ असं एखादे आजोबा म्हणतात तेव्हा आपण अडखळत नाही. ‘बारसं रविवारी आलंय’ म्हणजे दिवस, ‘बारसं केलं’ म्हणजे पाळण्याचा विधी, ‘बारसं जेवलो’ म्हणजे पंगत. शब्द एकच. अर्थ शेजारच्या क्रियापदाने ठरतो. बारसं ‘बारा’वरून आलं हे खरं असलं, तरी आज कुणी महिन्याने केलं तरी ते बारसंच राहतं. व्युत्पत्ती सांगून तुम्हाला पंगतीतलं काहीच कळणार नाही.

‘पास्खा’चं अगदी असंच आहे. नव्या करारात तो 29 वेळा येतो, त्यातले 10 एकट्या योहानाच्या शुभवर्तमानात. कधी तो ‘जवळ येतो’, कधी त्याला ‘मारतात’, कधी त्याची ‘तयारी करतात’, कधी ‘खातात’. जवळ येतो तेव्हा तो सण. मारतात तेव्हा तो पशू, म्हणजे एक वर्षाचं कोकरू किंवा करडू. (निर्गम 12:5 मध्ये मेंढरू किंवा बकरं दोन्ही चालतं, चित्रांमुळे आपल्याला फक्त कोकरूच आठवतं.) खातात तेव्हा ते त्या रात्रीचं जेवण. मार्क 14:12 हे वचन उघडून पाहा. बेखमीर (न आंबवलेल्या) भाकरीच्या पहिल्या दिवशी, ‘पास्खा मारत असत’ त्या वेळी, शिष्य विचारतात, ‘आपण पास्खा खावा म्हणून आम्ही कुठे जाऊन तयारी करावी?’ एकाच वाक्यात पशू आणि जेवण, दोघांनाही तोच शब्द. मार्काने ना खुलासा केला, ना शब्द बदलला. ऐकणाऱ्याला कळत होतं.

आता ‘पास्खो’कडे येतो. इथे आधी कबुली देतो. ग्रीक शिकायला लागल्यावर पहिल्याच वर्षी, उपवासकाळात एका छोट्या मंडळीपुढे मीही हेच सांगितलं होतं. दोन्ही शब्द कोशात एकाच पानावर दिसले आणि मला हर्ष झाला. दुसऱ्या दिवशी आमच्या गुरुजींनी रागावणं वगैरे काही केलं नाही. ते एवढंच म्हणाले, ‘या नामाच्या सगळ्या विभक्त्या लिहून आण.’ मी लिहायला बसलो. प्रथमा: पास्खा. षष्ठी: पास्खा. चतुर्थी: पास्खा. द्वितीया: पास्खा. ग्रीक नाम असं वागत नाही. घरच्या शब्दाला ग्रीक भाषा प्रत्येक विभक्तीत वेगळा अंगरखा घालते. ‘पास्खो’च्या कुळातलं खरं नाम म्हणजे ‘पाथेमा’, दुःखसहन. त्याची षष्ठी ‘पाथेमातोस’ होते. ‘पाथोस’ही त्याच कुळातला, होमिओपॅथीतली ‘पॅथी’ ही त्याची दूरची नात. पण ‘पास्खा’ कुठल्याच विभक्तीत हलत नाही. फक्त त्याच्यापुढचं उपपद बदलतं. हे बाहेरून आलेल्या शब्दाचं लक्षण आहे. ग्रीक व्याकरणाने त्याला आत घेतलं, पण कपडे घातले नाहीत.

तो आला अरामीतून. हिब्रूत सणाचं नाव ‘पेसह’, शेवटचा ह घशातून खरखरीत काढायचा. अरामीत नामाच्या शेवटी ‘आ’ जोडतात, त्याने ‘तो अमुक’ असा निश्चितपणा येतो. ‘पेसह’चं अरामी रूप ‘पस्हा’, आणि घशातल्या त्या ह साठी ग्रीकांनी आपलं ‘खी’ हे अक्षर वापरलं. झाला ‘पास्खा’. हे शुभवर्तमान लिहिणाऱ्यांनी केलेलं नाही. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियातल्या यहुद्यांनी मोशेचे पाच ग्रंथ ग्रीकमध्ये आणले, त्या भाषांतरातच निर्गमाच्या बाराव्या अध्यायात ‘पास्खा’ आहे. म्हणजे वधस्तंभाच्या अडीचतीनशे वर्षं आधी हा शब्द याच रूपात वाचला जात होता, आणि तो लिहिणाऱ्यांच्या मनात ‘सोसणे’ नव्हतं, ‘पेसह’ होतं.

यहुदी सणांची बाकीची ग्रीक नावं शेजारी ठेवली की फरक लगेच दिसतो. ‘पेन्तेकोस्ते’ म्हणजे सरळ ‘पन्नासावा’. ‘स्केनोपेगिया’ (योहान 7:2) म्हणजे तंबू ठोकणे, आपला मांडवांचा सण. ‘एन्कायनिया’ (योहान 10:22) म्हणजे नवं करणे, मंदिराच्या शुद्धीकरणाचा हिवाळ्यातला सण, आजचा हनुक्का. ‘आझिमा’ म्हणजे बेखमीर. हे सगळे अस्सल ग्रीक शब्द, अर्थ डोळ्यासमोर. त्या भाषांतरकारांनी ज्याचं भाषांतर न करता फक्त आवाज उचलला तो मुख्यतः हा एक सण. आणि शब्बाथ, पण तो सण नव्हे, वार.

मग ‘पेसह’चा अर्थ काय? इथे जरा रेंगाळतो, कारण इथेच मजा आहे आणि इथेच बहुतेक लोक घाईने ‘ओलांडून जाणे’ म्हणून पुढे सरकतात.

हिब्रूत ‘पसह’ या धातूची अक्षरं तीन: प, स, ह. याच अक्षरांचा ‘पिस्सेह’ म्हणजे लंगडा. शौलाचा नातू मफीबोशेथ दाईच्या हातून पडून ‘लंगडा झाला’ (2 शमुवेल 4:4), तिथे हाच धातू. कर्मेलावर एलीया लोकांना विचारतो, ‘दोन मतांमध्ये किती दिवस लंगडत राहाल?’ आणि पाच वचनांनंतर बआलाचे संदेष्टे वेदीभोवती उड्या मारत फिरतात, तिथेही तोच (1 राजे 18:21, 26). दुसरीकडे यशया 31:5 मध्ये परमेश्वर यरुशलेमेवर घिरट्या घालणाऱ्या पाखरांसारखा राहून तिला ‘पसह करून’ वाचवतो. तिथे ‘लंगडणे’ही बसत नाही आणि ‘ओलांडून निघून जाणे’ तर मुळीच नाही. पिलांवर घार येऊ नये म्हणून पक्षी वर फडफडत राहतो ती हालचाल आहे ती. निघून जाणं नव्हे, वर थांबून राखणं.

आता निर्गम 12 वाचा. कोकराचं रक्त एजोब नावाच्या झुडपाच्या जुडीने दाराच्या दोन्ही बाह्यांना आणि वरच्या पट्टीला लावायचं. (त्या वरच्या पट्टीला आपल्याकडे सुतार गणेशपट्टी म्हणतात. मराठी बायबलाच्या भाषांतरकारांची इथे काय पंचाईत झाली असेल, त्याची मला नेहमी गंमत वाटते.) मग 23वं वचन: परमेश्वर मिसऱ्यांना मारायला देशातून फिरेल, पण रक्त दिसलं की तो त्या दाराला ‘पसह’ करेल आणि संहारकाला तुमच्या घरात शिरू देणार नाही. वाक्याचा शेवट लक्षात घ्या. शिरू देणार नाही. जो पुढे निघून गेला तो दुसऱ्याला कसा अडवेल? दारात उभा राहिलेलाच अडवू शकतो. म्हणून मला ‘राखणे’ हा अर्थ या वचनात जास्त सरळ वाटतो, आणि हे माझं एकट्याचं मत नाही. ग्रीक भाषांतरकारही इथे दोन दगडांवर पाय ठेवून होते. 13व्या आणि 27व्या वचनात त्यांनी याच धातूसाठी ‘झाकणे, आसरा देणे’ या अर्थाचं क्रियापद वापरलं, आणि मधल्या 23व्या वचनात ‘जवळून पुढे जाणे’. एकाच अध्यायात, एकाच धातूला, दोन उत्तरं. ज्या लोकांना हिब्रू आपल्यापेक्षा शंभरपट जवळचं होतं, त्यांनी एकच अर्थ धरून ठेवला नाही. आपण का धरावा?

लंगडा आणि सण यांची अक्षरं एकच असल्यामुळे एका भाषांतरकाराची चांगली फजितीही झाली. यिर्मया 31:8 मध्ये परमेश्वर बंदिवानांना उत्तरेकडून परत आणतो, ‘त्यांच्यात आंधळे आणि लंगडे’ असतील, गर्भवती आणि प्रसूतीच्या कळा लागलेल्या असतील. सुंदर चित्र आहे. चालता न येणारेसुद्धा मागे राहणार नाहीत. ग्रीक यिर्मयात, जिथे अध्यायांचे क्रमांक वेगळे असल्यामुळे हे 38:8 आहे, आंधळे आणि लंगडे गायबच. त्यांच्या जागी आहे ‘फासेकच्या सणात’. हिब्रूत स्वर लिहीत नसत. ‘त्यांच्यात आंधळे’ ही अक्षरं किंचित वेगळी वाचली की ‘सणाच्या वेळी’ दिसतात आणि ‘लंगडा’ तर अक्षरशः ‘पेसह’ आहेच. बिचाऱ्याने लंगड्यांना पुसलं आणि सण बसवला. तिथला ‘फासेक’ हा ‘पेसह’चाच दुसरा ग्रीक उच्चार. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात, हिज्कीया आणि योशीया या राजांच्या सणांच्या वर्णनातही तोच आहे. म्हणजे ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांकडे या नावाचे निदान दोन उच्चार फिरत होते. ‘सोसणे’ या क्रियापदाशी नातं असतं तर ‘फासेक’ कुठून आला असता?

आता ‘वल्हांडण’. हा शब्द मला फार आवडतो आणि तितकाच त्रासही देतो. जुन्या मराठीत वोलांडणे, वलांडणे, वल्हांडणे अशी रूपं होती, आजच्या ओलांडण्याची भावंडं. बोलण्यातून ती गेली. बायबलमुळे एक तेवढं उरलं, तेही फक्त सणाच्या नावात. परिणाम असा की आज ‘वल्हांडण’ ऐकून कुणालाच ओलांडणं ऐकू येत नाही. नगर जिल्ह्यातल्या एका गावी बायबल अभ्यासवर्गात मी विचारलं होतं, ‘वल्हांडण म्हणजे काय?’ एक आजीबाई ठामपणे म्हणाल्या, ‘वल्ही मारत समुद्र पार केला म्हणून.’ मागच्या बाकावरची पोरं हसली. मी हसलो नाही, कारण आजीबाईंच्या बाजूने एक मोठा साक्षीदार उभा होता. अलेक्झांड्रियाचा फिलो, येशूच्याच काळातला यहुदी पंडित. त्याने या सणाला ‘दियाबातेरिया’ म्हटलं आहे, पार जाण्याचा विधी, आणि त्यातून देहाच्या वासनांपासून आत्म्याने पलीकडे जाण्याचा अर्थ काढला. फिलोच्या हाती वल्ही नव्हती एवढंच. त्याच शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस दुसरा पर्याय देतो: ‘हिपेरबासिया’, वरून पाऊल टाकून जाणे. मराठी वल्हांडण हा योसेफसच्या वाटेवर आहे, फिलोच्या नव्हे. आणि इंग्रजीतला ‘पासओव्हर’ हाही तसाच. तो विल्यम टिंडेलने 1530 साली छापलेल्या पंचग्रंथासाठी घडवला.

‘वल्हांडण’ची माझी एक खरी तक्रार आहे. मराठीत ‘उंबरा ओलांडणे’ म्हणजे घरात येणे किंवा घरातून बाहेर पडणे. नवी सून उंबरा ओलांडून आत येते. म्हणजे ज्याला शब्दाचा मूळ अर्थ कळतो, त्याला नेमकं उलटं चित्र दिसण्याची शक्यता. निर्गमात कुणीतरी उंबरा ओलांडू नये, हाच सगळा खटाटोप आहे! तरीही शब्द बदला असं मी म्हणणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या तो उपासनेत, कीर्तनांत, लहान मुलांच्या शब्बाथशाळेत रुजला आहे. बारशाप्रमाणे त्याचाही अर्थ आता धातूतून नव्हे, वापरातून येतो.

तुमच्या वक्त्यांची मात्र फार चूक धरू नका. त्यांच्या आधी मोठमोठी माणसं याच खड्ड्यात पडली आहेत, काही तर मुद्दाम उतरली. दुसऱ्या शतकात आशिया मायनरमधल्या सार्दीस शहराचा बिशप मेलितो याने या सणावर एक प्रवचन दिलं. त्या भागातले ख्रिस्ती यहुद्यांच्याच तारखेला, निसान महिन्याच्या 14व्या दिवशी, आपला पास्खा पाळत. मेलितो सरळ विचारतो, ‘पास्खा म्हणजे काय?’ आणि उत्तर देतो, की घडलं त्यावरून नाव पडलं, सोसण्यावरून. हे प्रवचन 1940 साली एका पपायरसवरून छापलं गेलं. ग्रीकमध्ये ते वाचताना कानाला जे सुख होतं ते मान्य करावंच लागतं: पास्खा, पाथेइन, पास्खेइन (शेवटचे दोन्ही ‘सोसणे’), असा ठेका आहे. श्रोते ग्रीक बोलणारे. ‘पेसह’ त्यांना परका, ‘पास्खो’ घरचा. जसं आजीबाईंना वलांडणे परकं आणि वल्हं घरचं.

पण शेपन्नास वर्षांच्या आतच अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती पंडित ओरिगेन याने याला आक्षेप घेतला. पास्खाविषयीचा त्याचा ग्रंथ कैरोजवळच्या तुरा इथे 1941 साली दगडाच्या खाणीत सापडलेल्या पपायरसांत मिळाला. तो सुरुवातीलाच म्हणतो, की बंधूंपैकी बऱ्याच जणांना वाटतं हे नाव तारणाऱ्याच्या दुःखसहनावरून पडलं. तसं नाही, हिब्रू शब्दाचा अर्थ पार जाणे आहे, आणि आपल्यातला कुणी यहुद्यांसमोर हे दुःखसहनाचं बोलला तर ते त्याला हसतील. जवळजवळ दोन शतकांनी उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीनही तेच सांगतो, की हा शब्द ग्रीक नाही, हिब्रू आहे. पण तो पुढे जोडतो की दोन्ही भाषांचा हा योगायोग किती समर्पक आहे पाहा. ऑगस्टीनची ही वाट मला प्रामाणिक वाटते. श्लेष म्हणून सांगा, श्लेष आहे हे सांगून. आपल्या कीर्तनकारांना हे शिकवावं लागत नाही. शब्दाची फोड करून श्रोत्याला गुंगवणं ही त्यांची विद्याच आहे, पण ते कोशाचा आधार दिल्याचा आव आणत नाहीत.

वक्त्यांना जे सांगायचं होतं, त्यासाठी खोट्या व्युत्पत्तीची गरजच नव्हती. पौलाने ते 1 करिंथ 5:7 मध्ये आधीच म्हटलं आहे: ‘आपला पास्खा, ख्रिस्त, मारला गेला.’ पौलाची ग्रीक घरची होती. ‘पास्खा’ आणि ‘पास्खो’ शेजारी ठेवण्याची आयती संधी इथे होती, आणि त्याने ती घेतली नाही. त्याने ‘सोसणे’ वापरलं नाही, ‘थुओ’ वापरलं, म्हणजे अर्पणासाठी कापणे. कारण इथे पास्खा म्हणजे पशू. सगळं वजन त्या पशूवर आहे, नावाच्या आवाजावर नाही. आणि त्याच्या पुढेमागे खमीर काढून टाकण्याची गोष्ट चालू आहे, म्हणजे पौलाच्या डोळ्यासमोर प्रत्यक्ष सणाची तयारी आहे.

एकच जागा अशी आहे जिथे मीही थबकतो. लूक 22:15. येशू जेवायला बसतो आणि म्हणतो, ‘मी सोसण्यापूर्वी हा पास्खा तुमच्याबरोबर खावा अशी मला फार उत्कंठा होती.’ ग्रीकमध्ये वाक्याच्या पहिल्या अर्ध्यात ‘पास्खा फागेइन’, म्हणजे पास्खा खाणे, आणि शेवटी ‘पाथेइन’, सोसणे. ‘पाथेइन’ हे ‘पास्खो’चंच एक रूप. लुकाने हे मुद्दाम जुळवलं का? त्याचा ग्रीकचा कान फार तयार होता, त्यामुळे हा आवाज त्याला ऐकूच आला नसेल असं मी म्हणणार नाही. पण पाहा, इथेही पास्खा ‘खायचा’ आहे. म्हणजे जेवण. ‘मी सोसण्यापूर्वी हे सोसणं खावं’ असं कुणी वाचत नाही.

योहान 18:28 वर या सगळ्याचा खरा उपयोग होतो. पहाटे येशूला रोमी सुभेदार पिलाताकडे नेतात, पण नेणारे आत जात नाहीत, ‘विटाळू नये, तर पास्खा खाता यावा म्हणून’. अडचण अशी की मार्क, मत्तय आणि लुकानुसार येशूने आणि शिष्यांनी आदल्याच रात्री पास्खा खाल्ला होता. मग या लोकांचं खायचं अजून कसं राहिलं? ही गाठ सोडवायला काही अभ्यासक म्हणतात, इथे पास्खा म्हणजे त्या रात्रीचं जेवण नव्हे, आठवडाभराच्या सणातली बाकीची अर्पणं. आधार म्हणून ‘अनुवाद’ या मोशेच्या पाचव्या ग्रंथातलं 16:2 दाखवतात, जिथे वल्हांडणासाठी मेंढरांबरोबर गुरंही सांगितली आहेत. शब्द एवढा ताणता येतो का? सणाच्या आठवड्यापर्यंत येतो, यात शंका नाही. लूक 22:1 म्हणतो, ‘बेखमीर भाकरीचा सण, ज्याला पास्खा म्हणतात, जवळ आला.’ नियमशास्त्रात मात्र निसानच्या 14ला पेसह आणि 15पासून सात दिवस बेखमीर, असे दोन सण होते (लेवीय 23:5-6). बोलण्यात ते एक झाले होते. दिवाळी म्हणताना आपण वसुबारस ते भाऊबीज सगळं धरतो तसं. प्रेषितांची कृत्ये 12:3-4 मध्येही तेच: बेखमीर भाकरीचे दिवस चालू असताना हेरोद राजाने पेत्राला पकडलं आणि ‘पास्खा झाल्यावर’ लोकांपुढे आणायचं ठरलं. तिथे पास्खा म्हणजे उघडच संपूर्ण आठवडा. (जुन्या इंग्रजी बायबलात या जागी ‘ईस्टर’ छापलं आहे आणि त्यावरून हेरोद कुठलातरी मूर्तिपूजक सण पाळत होता असे व्हिडिओ मला दर वर्षी पाठवले जातात. मूळ शब्द तिथेही ‘पास्खा’च आहे. पाठवू नका.)

पण योहान 18:28 मध्ये क्रियापद ‘खाणे’ आहे. आणि शुभवर्तमानांत जिथे जिथे पास्खा ‘खाल्ला’ जातो तिथे तो त्या एका रात्रीचंच जेवण आहे. बारसं ‘जेवलो’ म्हटल्यावर त्याचा अर्थ पाळण्याचा विधी करता येत नाही, तसंच. म्हणून तिथे शब्द ताणून गाठ सोडवणं मला पटत नाही. योहान त्या दिवशी संध्याकाळी पास्खा व्हायचा आहे असंच सांगतो आहे. 19:14 मधली ‘पास्खाची तयारी’ आणि 19:36 मधलं ‘त्याचं हाड मोडणार नाही’ हे निर्गम 12:46 च्या कोकराचं वाक्य, दोन्ही त्याच दिशेला बोट दाखवतात. तारखांचा प्रश्न उरतो. तो शब्दकोशाने सुटणार नाही, आणि सुटल्यासारखा दाखवूही नये.

तुम्ही मुंबई-पुण्यातल्या प्रोटेस्टंट मंडळीतले असाल असं ‘वल्हांडण’ वरून वाटतं. वसईच्या कॅथलिक घरात हाच प्रश्न वेगळा पडला असता, कारण तिथे ‘पास्का’ हा शब्द रोजचा. पास्काकाळ, पास्काची मेणबत्ती. गोव्यात पास्कांचं फेस्त. तो पोर्तुगीज आणि लॅटिनमधून आला, म्हणजे हिब्रू, अरामी, ग्रीक, लॅटिन, पोर्तुगीज असा प्रवास करून आपल्या किनाऱ्याला लागला, आणि इतक्या लांबून येऊनही त्याने वेशभूषा बदललेली नाही. पण वाटेत त्याचा अर्थ यहुदी सणावरून ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाच्या सणावर सरकला. म्हणजे एकाच महाराष्ट्रात एका चर्चमध्ये शब्दाचं भाषांतर आहे आणि दुसऱ्यात नुसता आवाज, आणि दोघांना वाटतं आपलंच बायबलमधलं.

आणि ज्यांचा हा सण मुळात आहे, ते मराठी बोलणारे यहुदी? कोकणातले बेने इस्राएल. त्यांच्यासाठी 1874 साली पुण्यात या सणाच्या रात्री वाचायची हग्गादा मराठी भाषांतरासह छापली गेली, आणि तिच्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगड्यात आहेत. पण त्याहून जुनं नाव हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी बेने इस्राएलांचा इतिहास लिहिताना नोंदवून ठेवलं आहे: ‘अनाशी ढाकाचा सण’. अनास म्हणजे आंबट पाण्याचं मडकं. सणाच्या दिवसांत आंबवलेलं काही नको म्हणून ते झाकून ठेवायचं, त्यावरून सणाचं नाव. ना ओलांडणं, ना लंगडणं, ना सोसणं. घरातल्या बाईने त्या दिवशी हाताने जे केलं, ते नाव झालं. सगळ्या विद्वान व्युत्पत्त्यांपेक्षा हे मला निर्गम 12 च्या जास्त जवळचं वाटतं, कारण त्या अध्यायातही देव अर्थ सांगण्याआधी काय घ्यायचं, कधी मारायचं, कुठे लावायचं आणि कसं खायचं तेच सांगतो.

तुम्हाला पुढे स्वतः पडताळायचं असेल तर लूक 22 घ्या. ‘पास्खा’ तिथे सहा वेळा आहे: वचनं 1, 7, 8, 11, 13 आणि 15. मराठी बायबलातच पेन्सिलने प्रत्येकाच्या शेजारचं क्रियापद अधोरेखित करा. 1ला तो जवळ येतो, 7ला मारायचा असतो, 8, 11 आणि 15ला खायचा असतो. 13व्या वचनात पेत्र आणि योहान ‘पास्खा तयार करतात’. तिथे जरा थांबा. कारण त्या एका क्रियेत त्या दुपारी मंदिराच्या अंगणात कोकरू कापणं, ते खोलीवर आणून विस्तवावर भाजणं आणि पानं मांडणं, सगळंच आलं.